सोडून दिलेला आरोप आणि कबूल केलेला आरोप

वाचकाचे पत्र: आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. यजमान २००६ साली एच-वन-बी व्हिसावर आले, २०१८ साली आम्हाला ग्रीन कार्ड मिळाले. नागरिकत्वाचा अर्ज आज करू, उद्या करू म्हणत राहून गेला. आमच्या भागात घरफोड्या झाल्यावर यांनी रीतसर पिस्तूल विकत घेतले आणि ते जवळ बाळगण्याचा पेन्सिल्वेनियाचा परवानाही काढला. गणपतीत न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे जाताना तिथल्या पोलिसांनी वेगासाठी गाडी थांबवली. यांनी स्वतःहून सांगितले की ग्लोव्ह बॉक्समध्ये पिस्तूल आहे. तिथल्या तिथे अटक झाली. परमिटशिवाय हँडगन बाळगणे आणि हॉलो-पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या, गोळ्या बाळगणे असे दोन आरोप आहेत. आता सरकारी पक्षाने प्ली डील देऊ केले आहे. हँडगनचा आरोप कबूल करायचा, गोळ्यांचा ते सोडून देतील. तुरुंग नाही, फक्त प्रोबेशन, म्हणजे काही काळ कोर्टाची देखरेख. आमचे वकील म्हणतात, याहून चांगले काही मिळणार नाही, त्याच दिवशी घरी जाल. साताऱ्याला वकिली करणारे माझे दीर म्हणतात, गुन्हा कधीही कबूल करू नये, केस लढवावी. तीन आठवड्यांनी तारीख आहे. डिसेंबरमध्ये सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी भारताची तिकिटे काढलेली आहेत. मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक आहे. सही करावी का?

उत्तर:

ताई, तुमच्या वकिलांचे आणि तुमच्या दिरांचे म्हणणे आपापल्या जागी चुकीचे नाही. पण दोघेही ज्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, तो तुमच्या घरापुढचा मुख्य प्रश्न नाही. वकील तुरुंगवासाचा हिशेब करत आहेत आणि दीर निर्दोष सुटण्याचा. तुमच्या यजमानांकडे अमेरिकेचे नागरिकत्व नसल्यामुळे तुम्हाला तिसराच हिशेब आधी मांडावा लागेल, तो असा की दोषसिद्धी नेमक्या कोणत्या कलमाखाली नोंदली जाणार आणि त्या नोंदीनंतर ते या देशात राहू शकणार का. या दृष्टीने पाहिले तर हे डील आज ज्या स्वरूपात समोर आहे त्या स्वरूपात त्यांनी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते तडकाफडकी फेटाळूही नये. ते बदलून मागावे. ते नागरिक असते तर ‘स्वीकारा आणि देवाचे आभार माना’ एवढेच मी लिहिले असते.

वकिलांना हे डील चांगले का वाटते, ते आधी समजून घ्या, कारण त्यांची भीती खरी आहे. न्यू जर्सीत परमिटशिवाय हँडगन जवळ बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून त्याला ५ ते १० वर्षांची शिक्षा आहे. त्यावर ग्रेव्ह्ज ॲक्ट नावाचा कायदा लागू होतो, आणि त्यानुसार दिलेल्या शिक्षेचा निम्मा भाग किंवा ४२ महिने, यांपैकी जे जास्त असेल तेवढा काळ पॅरोलशिवाय तुरुंगात काढावाच लागतो. पेन्सिल्वेनियाचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर परमिट मिळवण्याच्या अटी सैल झाल्या, पण परमिटची गरज संपलेली नाही. प्रवासात शस्त्र नेणाऱ्यांना संरक्षण देणारा १९८६ चा केंद्रीय कायदा आहे खरा. परंतु त्यासाठी जिथून निघालो आणि जिथे पोहोचायचे आहे अशा दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा लागतो, पिस्तूल रिकामे असावे लागते आणि ते हाताशी येईल अशा जागी असून चालत नाही. डिकी वेगळी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते, आणि अशी पेटी म्हणून ग्लोव्ह बॉक्स चालत नाही, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. तुमचे जाणे एडिसनपर्यंतच होते आणि पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये होते, म्हणजे ही वाट दोन्ही बाजूंनी बंद आहे. अशा स्थितीत सरकारी वकिलांनी ग्रेव्ह्ज ॲक्टची सक्ती शिथिल करण्याची तयारी दाखवणे, म्हणजेच साडेतीन वर्षांच्या तुरुंगाऐवजी प्रोबेशन देऊ करणे, ही कोणत्याही बचाव पक्षाच्या वकिलाला मोठीच मिळकत वाटणार.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी एक स्वतंत्र कलम आहे. त्याचा आशय असा की, देशात प्रवेश मिळाल्यानंतर केव्हाही, फायरआर्म विकत घेणे, विकणे, वापरणे, मालकीचे असणे, जवळ बाळगणे किंवा नेणे अशा गुन्ह्यात जो परकीय नागरिक दोषी ठरेल, तो देशाबाहेर काढण्यास पात्र होतो. या कलमात शिक्षेची किमान मर्यादा नाही. तुरुंग किती झाला, झाला की नाही, गुन्हा पहिला होता की पाचवा, कोणाला इजा झाली का, यांतले काहीही ते विचारत नाही. ‘फक्त प्रोबेशन’ या शब्दांनी तुमचा जीव भांड्यात पडला असेल, पण या कलमापुढे त्यांना काही किंमत नाही. शिवाय ‘दोषसिद्धी’ची इमिग्रेशन कायद्यातली व्याख्या राज्याच्या व्याख्येहून रुंद आहे: आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कोणत्याही स्वरूपाची शिक्षा किंवा बंधन घातले, की ती दोषसिद्धी झाली, राज्याच्या कोर्टाने अंतिम निकाल राखून ठेवला असला तरीही. पुढे तो रेकॉर्ड एक्स्पंज करून घेतला, म्हणजे राज्याच्या दप्तरातून काढून टाकला, तरी इमिग्रेशन खात्याच्या दृष्टीने तो गेलेला नसतो.

याच ठिकाणी तुमच्या पत्रातले एक वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले. हँडगनचा आरोप कबूल करायचा आणि गोळ्यांचा सोडून देणार, असे तुम्ही लिहिता. नागरिकासाठी ही मांडणी ठीक आहे; तुमच्या यजमानांसाठी ती नेमकी उलटी आहे. हॉलो-पॉइंट गोळ्या बाळगणे हा न्यू जर्सीत चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे, त्याला जास्तीत जास्त १८ महिने शिक्षा आहे आणि पहिल्याच गुन्ह्यात चौथ्या श्रेणीसाठी तुरुंग न देण्याकडे कायद्याचा सर्वसाधारण कल आहे. आणि मी वर ज्या केंद्रीय कलमाविषयी लिहिले, त्यात फायरआर्मचा, तिच्या भागांचा आणि जोडसाहित्याचा उल्लेख आहे, दारूगोळ्याचा नाही. म्हणजे सरकारी पक्ष जो आरोप सोडायला तयार आहे तोच तुम्हाला परवडण्याची शक्यता आहे, आणि जो कबूल करायला सांगतो आहे तोच घर उठवणारा आहे. मी ‘शक्यता’ म्हणतो, कारण इमिग्रेशनच्या वकिलाने आरोपपत्र समोर ठेवून शब्द न् शब्द तपासल्याशिवाय हे गृहीत धरता येणार नाही. पण मागायचे काय, याची दिशा यातून स्पष्ट होते: आरोपांची अदलाबदल करावी, गोळ्यांचा कबूल करून हँडगनचा रद्द व्हावा, किंवा ज्याच्या व्याख्येत फायरआर्म येतच नाही अशा एखाद्या किरकोळ कलमावर प्रकरण मिटवावे, मग त्यासाठी प्रोबेशनचा काळ थोडा वाढला किंवा दंड जास्त भरावा लागला तरी चालेल.

असे मागणे म्हणजे कोर्टाची फसवणूक किंवा पळवाट आहे, असे मनात आणू नका. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवले की, गुन्हा कबूल केल्याने डिपोर्टेशनचा, म्हणजे देशाबाहेर काढले जाण्याचा, धोका आहे का, हे आपल्या परकीय अशिलाला सांगणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. त्या खटल्यातले पडिया होंडुरासचे, चाळीस वर्षे अमेरिकेत कायदेशीर राहिलेले, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले गृहस्थ होते, आणि त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितले होते की इतकी वर्षे इथे असल्यामुळे इमिग्रेशनची काळजी करू नका. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, डिपोर्टेशनचा परिणाम दोन्ही बाजूंनी लक्षात घेतला तर राज्याला आणि आरोपीला दोघांनाही मान्य होईल अशी तडजोड घडवता येते. सरकारी वकिलाला एक दोषसिद्धी हवी असते, शस्त्र जप्त हवे असते, प्रकरण संपलेले हवे असते. मुलेबाळे असलेला माणूस देशाबाहेर जावा, हा बहुतेक वेळा त्याचा हेतू नसतो. त्याला तो परिणाम कोणी दाखवूनच दिलेला नसतो.

म्हणून उद्याच तुमच्या यजमानांनी वकिलांना लेखी, ई-मेलने, तीन गोष्टी विचाराव्यात. माझे स्टेटस ग्रीन कार्ड आहे हे तुमच्या फाइलवर नोंदलेले आहे का. या कबुलीमुळे मी बंदुकीच्या कलमाखाली डिपोर्टेशनला पात्र ठरतो का. आणि फौजदारी प्रकरणांचे इमिग्रेशनवरील परिणाम पाहणाऱ्या स्वतंत्र वकिलाचे लेखी मत येईपर्यंत तुम्ही तारीख पुढे मागाल का. एच-वन-बीचे कागद भरणारे तुमच्या ओळखीचे वकील या कामाचे नाहीत. हे क्षेत्र वेगळे आहे. न्यू जर्सीच्या प्ली फॉर्ममधला, म्हणजे गुन्हा कबूल करताना भरायच्या कागदातला, सतरावा प्रश्न नागरिकत्वाविषयीच आहे आणि इमिग्रेशनबाबत वकिलाशी बोलण्याची संधी हवी का, हेही तिथे विचारले जाते. तेव्हा मुदत मागणे ही काही आगळीक ठरत नाही. उलट त्या प्रश्नापुढे घाईने खूण करून सही केली, तर मला कोणी सांगितलेच नाही, असे पुढे म्हणण्याचा मार्ग जवळपास बंद होतो.

कोणी तरी तुम्हाला पीटीआयचे, म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शनचे नाव सुचवेल. पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाला काही काळ देखरेखीखाली ठेवून आरोप रद्द करण्याची ही न्यू जर्सीची योजना आहे, आणि सर्वसाधारणपणे तिच्यात गुन्हा कबूल करावा लागत नाही, म्हणून ती परकीय नागरिकांना सोयीची असते. पण २०१५ च्या दुरुस्तीने दुसऱ्या श्रेणीच्या गुन्ह्यांत आधी कबुली नोंदवून घेणे आवश्यक केले. राज्याच्या दृष्टीने पुढे आरोप रद्द होतो, रेकॉर्ड स्वच्छ राहते. केंद्राच्या दृष्टीने मात्र कबुली झाली, देखरेखीचे बंधनही झाले, म्हणजे दोषसिद्धी झाली. त्यामुळे पीटीआय मिळत असेल तर आरोप आधी खालच्या श्रेणीत आणून, कबुलीशिवाय मिळणारा पीटीआय मागावा. एवढा एक फरक न समजल्यामुळे सर्वांत चांगला वाटणारा पर्याय सर्वांत वाईट ठरू शकतो.

तुमच्या बाजूने काय आहे, तेही सांगतो. २०१३ साली शनीन ॲलन नावाची फिलाडेल्फियाची एक महिला अशाच प्रकारे न्यू जर्सीत अडकली. पेन्सिल्वेनियाचा परवाना होता, पिस्तूल असल्याचे तिनेच पोलिसाला सांगितले होते. त्या प्रकरणावर बराच गदारोळ झाल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सरकारी वकिलांना स्पष्टीकरण पाठवले की, स्वतःच्या राज्यात कायदेशीरपणे शस्त्र घेतलेल्या आणि इथेही ते चालते अशा गैरसमजात आलेल्या पाहुण्यांच्या प्रकरणांत बहुधा तुरुंगवासाची गरज नसते. शस्त्रामुळे लोकांना किती धोका होता, आरोपीने ते आपणहून सांगितले का, अशा गोष्टी पाहाव्यात. तुमच्या यजमानांनी स्वतःहून सांगितले, ही बाब तुमच्या वकिलांनी याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन लेखी मांडली पाहिजे. ॲलनबाईंना पुढे पीटीआय मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी माफीही दिली. पण त्या माफीवर भिस्त ठेवून आज काही कबूल करू नका. त्या अमेरिकन नागरिक होत्या. गव्हर्नरच्या माफीने डिपोर्टेशनची काही कारणे पुसली जातात, त्या यादीत बंदुकीचे कलम नाही.

दिरांच्या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरातला वकील म्हणून त्यांच्या शब्दाला तुमच्याकडे वजन असणार. भारतात २००६ पासून प्ली बार्गेनिंग कायद्यात आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरते. पण ते फारसे वापरले जात नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, पंच फिरतात, साक्षीदार मिळत नाहीत, आणि कबुली न देणारा आरोपी पुष्कळदा सुटतो. साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षे काढलेला माणूस ‘लढा’ म्हणणार, हे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेत परिस्थिती उलट आहे. २०१२ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले की, राज्यांच्या कोर्टांतील ९४ टक्के आणि केंद्रीय कोर्टांतील ९७ टक्के दोषसिद्धी कबुलीतूनच येतात. तुमच्या प्रकरणात साक्षीदार म्हणजे गाडी थांबवणारा पोलीस आहे, बहुधा त्याच्या अंगावरचा कॅमेराही आहे, आणि पिस्तूल कुठे आहे हे आरोपीनेच सांगितले आहे. परमिट लागते हे माहीत नव्हते, हा बचाव इथे चालत नाही. ज्युरीपुढे हरल्यास तुरुंगही होईल आणि तुरुंगातून सुटल्यावर डिपोर्टेशनही.

तरीही लढण्याचा पर्याय मी पूर्णपणे सोडून देत नाही. गाडी थांबवण्याला कायदेशीर कारण होते का, प्रश्न कसे विचारले गेले, झडती कशी झाली, याचे व्हिडिओ आणि कागद तुमच्या वकिलांनी मागवून पाहिले आहेत का, हे विचारा. पुरावा वगळण्याचा अर्ज यशस्वी झाला तर खटलाच उरत नाही. आणि न्यू जर्सीत असा अर्ज फेटाळला गेला तर नंतर गुन्हा कबूल केल्यावरही त्या एका मुद्द्यावर अपील करता येते. अर्ज नुसता दाखल असणे हेही कधी कधी डील सुधारून घेण्याच्या कामी येते. सरकारी पक्ष काहीही बदलायला तयार नसेल, इमिग्रेशनचा वकील ‘ही कबुली म्हणजे डिपोर्टेशन’ असे लेखी सांगत असेल आणि इथून जाणे तुमच्या यजमानांना तुरुंगाहून जड वाटत असेल, तर खटल्याची जोखीम पत्करणे हा वेडेपणा नाही. २०१७ साली ली विरुद्ध अमेरिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका कोरियन वंशाच्या रेस्टॉरंटमालकाची कबुली रद्द होण्याचा मार्ग मोकळा केला, तो याच कारणाने: जिंकण्याची आशा जवळपास नसतानाही, डिपोर्टेशन टाळण्यासाठी त्याने खटला पत्करला असता, हे न्यायालयाला पटले.

समजा, दुर्दैवाने हँडगनचीच कबुली द्यावी लागली, तर पुढे काय? अशा माणसाला इमिग्रेशन खाते ताब्यात घेऊ शकते आणि या कलमाखालच्या लोकांना जामिनाची सुनावणीही साधारणपणे मिळत नाही. त्यामुळे ‘त्याच दिवशी घरी’ हे आश्वासन फक्त काउंटीच्या तुरुंगापुरते खरे आहे. पण सगळेच संपते असे नाही. ज्याला ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाली आहेत, कायदेशीर प्रवेशानंतर जो सात वर्षे सलग इथे राहिला आहे आणि ज्याच्यावर ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ या, इमिग्रेशन कायद्याने गंभीर मानलेल्या गुन्ह्यांच्या, वर्गातली दोषसिद्धी नाही, तो इमिग्रेशन न्यायाधीशांकडे डिपोर्टेशन रद्द करण्याची विनंती करू शकतो. तुम्ही दिलेल्या तारखांवरून यजमान पहिल्या दोन अटींत बसतात असे दिसते. तिसरी वकिलाने तपासायची. मुलगी नागरिक असल्याने डिपोर्टेशन आपोआप थांबत नाही, पण या विनंतीच्या वेळी तिचे शिक्षण, घराचे कर्ज, भरलेले कर, इतक्या वर्षांचे स्वच्छ वागणे हे सगळे तराजूत पडते. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते आणि देणे न देणे न्यायाधीशांच्या मर्जीवर असते, म्हणून तिला शेवटची ओसरी समजावे, घर नव्हे.

नागरिकत्वाचा अर्ज आता घाईघाईने भरू नका. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून आपल्यातली कितीतरी कुटुंबे तो फॉर्म वर्षानुवर्षे पुढे ढकलतात, आणि मला त्यात दोष दिसत नाही. पण प्रलंबित फौजदारी प्रकरण असताना, किंवा प्रोबेशन चालू असताना, तो अर्ज मंजूर होत नाही, उलट फाइल पुन्हा उघडायला निमित्त मिळते. पुढे कधी अर्ज केलाच तर ही अटक त्यात सांगावी लागेल, निकाल काहीही लागो.

आणखी एक. पत्र तुम्ही लिहिले आहे आणि काळजीही बहुधा तुम्हीच वाहत आहात. पण कबुली द्यायची की नाही हा निर्णय कायद्याने फक्त त्यांचा आहे, वकिलांचा नाही, तुमचा नाही आणि साताऱ्याचा तर नाहीच. कबुली देताना त्यांना शपथेवर, न्यायाधीशांपुढे, आपण काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल. तिथे जे खरे नाही ते सोयीचे म्हणून बोलायचे नाही, आणि जे विचारले नाही ते भरीस घालायचे नाही. कोणते वाक्य रेकॉर्डवर जाणार, हे दोन्ही वकिलांसमवेत आधी ठरवून घ्यावे. तोवर घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या प्रकरणाचा तपशील लिहिणे बंद करा. दिरांशी बोलायचे असेल तर तुम्ही बोला, यजमानांनी नको.

राहिला डिसेंबरचा प्रवास. सुटकेच्या अटींमध्ये राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जाण्यास मनाई आहे का, हे वकिलांना विचारावे लागेलच. पण परवानगी मिळाली तरी प्रकरण मिटेपर्यंत आणि त्यानंतर इमिग्रेशनच्या वकिलाने लेखी होकार देईपर्यंत तुमच्या यजमानांनी अमेरिकेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नये, कारण परतताना विमानतळावर त्यांच्या ग्रीन कार्डची नव्याने चौकशी होऊ शकते. तुमचे आणि मुलीचे तिकीट ठेवा, त्यांचे रद्द करा, आणि सासऱ्यांना कारण काय सांगायचे ते यजमानांनाच फोनवर सांगू द्या.